नातवाचा गेम कन्सोल ग्वाल्हेरलाच का तापतो?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी घरात राहणारे एक निवृत्त शिक्षक लिहितात की, सुटीसाठी पुण्याहून आलेल्या त्यांच्या तेरा वर्षांच्या नातवाजवळ निन्टेन्डो स्विच हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल आहे. पुण्यात त्याने कधी त्रास दिला नाही. इथे मात्र मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या खोलीत खेळताना तो अर्ध्या-पाऊण तासात चांगलाच तापतो, आतला पंखा घरघरू लागतो आणि पडद्यावर तापल्याची सूचना येऊन खेळ आपोआप थांबतो. एकदा घाबरून आजोबांनी तो फ्रिजमध्ये ठेवला आणि त्यावरून घरात वाद झाला. आजींना बॅटरीच्या स्फोटाची भीती वाटते, म्हणून खेळणेच बंद करावे असे त्या म्हणतात. मुलगी फोनवर एसी लावून द्यायला सांगते. बाजारातला दुरुस्तीवाला म्हणतो की उघडून आतली पेस्ट (चिपची उष्णता धातूकडे पोचवणारा लेप) बदलावी लागेल, आणि नातवाला वरून अडकवायचा जादा पंखा हवा आहे. यंत्रात दोष आहे का आणि या चारांपैकी कोणाचे ऐकावे, असा आजोबांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचताना पहिल्यांदा लक्षात आले ते हे की, चारांपैकी तिघांचे सल्ले यंत्राकडे पाहून दिलेले आहेत आणि खोलीकडे फक्त आपल्या मुलीचे लक्ष गेले आहे. तिचा उपाय खर्चाचा असला तरी तिची दिशा बरोबर आहे. जो कन्सोल पुण्यात वर्षभर बिनतक्रार चालला आणि ग्वाल्हेरला आल्यावर आठवड्याभरात कुरकुरू लागला, त्याच्यात या प्रवासात बदलले काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आणि आपल्याच पत्रातून दिसते की बदलली ती त्याच्या भोवतीची हवा.

स्विच कोणत्या तापमानात वापरावा हे निन्टेन्डोने सांगून ठेवले आहे: भोवतालची हवा ५ ते ३५ अंश सेल्सिअस असावी. २०२२च्या उन्हाळ्यात जपानमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा कंपनीने ग्राहकांना याच मर्यादेची पुन्हा आठवण करून दिली होती. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असतो, गच्चीवरच्या खोलीचे छत सकाळपासून ऊन पीत असते आणि संध्याकाळ झाली तरी ते तापलेलेच राहते. अशा खोलीत दुपारी तीन वाजता ४० अंशांच्या खाली हवा मिळणे अवघड. म्हणजे खेळ सुरू होण्याच्या आधीच यंत्र आपल्या मर्यादेबाहेर बसलेले असते.

आतला पंखा मग काय करतो, असे आपण विचाराल. स्विचच्या मागच्या बाजूच्या फटींतून तो खोलीतली हवा आत ओढतो, चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पात्यांवरून ती फिरवतो आणि वरच्या कडेच्या जाळीतून बाहेर टाकतो. त्याच्याकडे गार हवेचा वेगळा साठा नसतो. खोली देईल तीच हवा त्याला वापरावी लागते. समजा, एखादा जड खेळ चालू असताना चिप भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी जास्त तापते. हवा २६ अंशांची असेल तर चिप ६६ वर राहील आणि हवा ४२ अंशांची असेल तर तीच चिप, तोच खेळ, तोच पंखा असूनही ८२ वर जाईल. (हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, खेळाप्रमाणे ते बदलतात.) छताचा पंखा पूर्ण वेगाने फिरत असतानाही कन्सोल का तापतो याचे कोडे आपल्याला पडले आहे, त्याचे उत्तरही इथेच आहे. पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते अंगावरचा घाम वाळतो म्हणून, आणि यंत्राला घाम येत नाही. ४२ अंशांची हवा कितीही वेगाने अंगावर आली तरी ती त्याला ४२ अंशांच्या खाली नेऊ शकत नाही.

तेव्हा यंत्रात दोष आहे की नाही, हे ठरवायचा एक सोपा मार्ग सुचवतो आणि त्याच्या आधी कोणताही खर्च करू नये असे आग्रहाने सांगतो. भिंतीवर टांगायचे साधे थर्मामीटर आणा आणि नातू जिथे बसतो त्या उंचीवर, भिंतीपासून थोडे दूर ठेवा. दुपारी गच्चीवरच्या खोलीत ते किती दाखवते ते लिहून ठेवा. मग दुसऱ्या दिवशी आजींच्या एसीच्या खोलीत, २६-२७ अंशांवर, तोच खेळ तेवढाच वेळ चालवून पाहा. तिथे काही त्रास झाला नाही तर यंत्र निर्दोष आहे आणि प्रश्न खोलीचा आहे. तिथेही पंखा घरघरला आणि सूचना आली, तर मात्र आतमध्ये धूळ साचली आहे, पंखा मंदावला आहे किंवा पेस्ट वाळली आहे असे समजायला जागा आहे. यंत्र तापले आहे पण पंख्याचा आवाजच येत नाही आणि वरच्या जाळीवर हात धरला तर गरम हवा लागत नाही, असे आढळले तर खेळ तिथेच थांबवावा. तो पंखा बंद पडलेला असण्याचा संभव मोठा आहे.

चाचणीचा निकाल माझ्या अंदाजाप्रमाणे खोलीच्या विरुद्ध लागला, तर नवा एसी घेण्याचीही गरज नाही, कारण आपल्या घरात उत्तर आधीपासून आहे. आपण पत्रात ओझरते लिहिले आहे की तळमजल्यावरची मागची खोली जाड दगडी भिंतींची आहे, खाली फरशी आहे आणि तिथे सध्या धान्याचे डबे ठेवले आहेत. लष्कर भागातल्या जुन्या घरांच्या अशा खोल्या दिवसभराची आग सहजासहजी आत येऊ देत नाहीत. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून दुपार काढण्याच्या काळी घरातले सगळे त्यांच्याच आश्रयाला असत. दुपारी खिडक्या बंद ठेवून आणि रात्री उघडून ती खोली गच्चीवरच्या खोलीपेक्षा पुष्कळ गार राखता येईल. किती, ते थर्मामीटर सांगेल. नातू तिथे का बसत नाही, तर वायफाय वरच पोचते म्हणून, असे आपण लिहिता. तसे असेल तर राउटर खाली आणणे किंवा एक लांब तार टाकून घेणे हे एसी किंवा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडेल.

त्या खोलीत कूलर लावायचा असेल तर अवश्य लावा, मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. मे महिन्यातली आपली लू कोरडी असते, त्यामुळे कूलरच्या ओल्या जाळ्यांतून येताना ती बरीच गार होते. ४२-४३ अंशांची हवा ३० अंशांच्या आसपास येणे अशा कोरड्या दिवसांत अशक्य नाही. पण पावसाळा सुरू झाला की हवेत दमटपणा भरतो, पाणी उडून जात नाही आणि कूलर नुसता ओला पंखा होऊन बसतो. जुलैमध्ये त्याच्यावर भिस्त ठेवू नका. दुसरे असे की, कन्सोल कूलरच्या थेट झोतात धरू नये. झोताबरोबर पाण्याचे बारीक कण येतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षारही. कूलरच्या जाळ्यांवर जो पांढरा थर बसतो तोच यंत्राच्या आत बसावा असे आपल्याला वाटणार नाही. कूलर खोली गार करील, कन्सोल त्या खोलीत एका बाजूला असावा, एवढे अंतर पुरे.

आता फ्रिजविषयी. आपण ते काळजीपोटी केले आणि बहुधा काही बिघडलेही नसेल, पण पुन्हा करू नये. फ्रिजमध्ये ४-५ अंशांपर्यंत गार झालेला कन्सोल बाहेर काढला की थंड पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब जमतात तसे त्याच्यावर जमतात, आणि दिसतात त्यापेक्षा न दिसणारे, आतल्या सर्किटच्या पट्टीवरचे थेंब घातक. कोरड्या दुपारी हा धोका कमी असतो असे कोणी म्हणेल. पण कूलर चालू असलेल्या खोलीतली हवा कोरडी राहिलेली नसते. बर्फाची पिशवी टेकवणे, ओले फडके गुंडाळणे हे उपायही याच जातीचे. तापलेला कन्सोल बंद करून दगडी फरशीवर किंवा टेबलावर, जाळी मोकळी ठेवून अर्धा तास राहू द्यावा. त्याला याहून अधिक काही लागत नाही.

इथवर चिपविषयी बोललो, कारण खेळ थांबतो तो तिला सांभाळण्यासाठी. मला मात्र आपले लक्ष दुसरीकडे वळवायचे आहे. सूचना येऊन खेळ थांबणे ही सगळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, म्हणून घरभर तिचीच चर्चा झाली. खरे तर ते यंत्राने स्वतःला वाचवणे आहे आणि त्यात फारसे नुकसान होत नाही. नुकसान होते ते बॅटरीचे, आणि ते होताना काही दिसत नाही. लिथियम-आयन बॅटरीच्या आत नको त्या रासायनिक क्रिया सतत अगदी हळू चाललेल्या असतात आणि उष्णता वाढली की त्यांचा वेग वाढतो; दर १० अंशांना तो साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा रसायनशास्त्रात वापरतात. त्यातही बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि गरम असेल, तर ती अधिकच लवकर म्हातारी होते. म्हणून चार्जरला लावून, दुपारच्या उन्हात, १०० टक्के भरलेल्या बॅटरीवर तासन् तास खेळणे हे मला त्या चार-पाच वेळा आलेल्या सूचनांपेक्षा जास्त खटकते. अशा एका उन्हाळ्यानंतर मुले तक्रार करतात की पूर्वी चालायचा तेवढा वेळ तो आता चालत नाही, आणि त्याचा संबंध मे महिन्याशी कोणी लावत नाही.

उपाय सोपा आहे. कन्सोल सकाळी, हवा गार असताना चार्ज करावा आणि दुपारी तार काढून खेळावे. चार्ज होतानाही बॅटरी तापते आणि खेळतानाही चिप तापते. दोन्ही एकाच वेळी करायचे असेल तर ते सकाळी किंवा रात्री करावे. खेळून गरम झालेला कन्सोल लगेच चार्जरला लावू नये. थोडा निवू द्यावा. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि आपल्या गच्चीवरच्या खोलीत नुसती ठेवलेली वस्तूही दुपारी त्या आकड्याच्या जवळ जाते. चार्जर यंत्राबरोबर आलेला असावा आणि तो गादीवर किंवा उशीखाली पडलेला नसावा.

आजींची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. धड असलेल्या, न आपटलेल्या, मूळ चार्जरवर चालणाऱ्या कन्सोलची बॅटरी पेट घेण्याची शक्यता फार कमी असते आणि तापल्यावर आपोआप थांबण्याची सोयही इथे उपयोगी पडते. पण एक खूण घरातल्या सगळ्यांनी ओळखायला शिकावी. यंत्राची पाठ फुगलेली वाटणे, टेबलावर ठेवल्यावर ते डुगडुगणे, पडदा कडेने उचललेला दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर बॅटरी फुगली आहे असे धरून चालावे. मग ते चार्ज करू नये, चालू करू नये, दाबून सरळ करायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. गादी, पडदे, कागद यांपासून दूर, फरशीवर ठेवावे आणि जाणत्या माणसाकडून बॅटरी काढून घ्यावी. ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. अशी कोणतीही खूण नसेल तर खेळ बंद करण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र आजींच्या सल्ल्यातला एक भाग मी उचलून धरतो. जी खोली यंत्राला सोसत नाही ती तेरा वर्षांच्या मुलालाही सोसण्यासारखी नसते. यंत्र सूचना देऊन थांबते. मुलगा खेळाच्या नादात पाणी प्यायलाही उठत नाही. तेव्हा गच्चीवरची खोली दुपारी एक ते पाच त्याच्यासाठीही बंद असावी, आणि हे कन्सोलची शिक्षा म्हणून न सांगता दोघांसाठी सांगितले तर त्याला ते पटण्याची शक्यता जास्त.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याविषयी माझे मत सावध आहे. चिप आणि उष्णता वाहणाऱ्या धातूच्या मध्ये जी पेस्ट असते ती वर्षानुवर्षांनी वाळते हे खरे, आणि पाच-सहा वर्षे वापरलेला कन्सोल गार खोलीतही तापत असेल तर ती बदलून फायदाही होतो. पण वर सांगितलेल्या चाचणीच्या आधी यंत्र उघडणे म्हणजे ताप मोजण्याआधी औषध देणे. शिवाय स्विचच्या पाठीचे स्क्रू तीन फाट्यांचे असतात. नेहमीच्या पेचकसाने ते फिरवायला गेले की त्यांची डोकी झिजतात आणि मग पाठ पुन्हा उघडणेच कठीण होते. हमीचा काळ शिल्लक असेल तर तोही अशाने बाद होऊ शकतो. यंत्र मुलीने घेतलेले आहे, तेव्हा बिल आणि हमीची तारीख तिला विचारल्याशिवाय ते कोणाच्याही हाती उघडायला देऊ नये. यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला मॉडेल क्रमांकही एकदा पाहून घ्या. २०१७ साली आलेल्या पहिल्या स्विचपेक्षा २०१९च्या सुधारित स्विचची चिप कमी वीज खाते, म्हणून तो कमी तापतो आणि बॅटरीवर जास्त वेळ चालतो. नातवाजवळ पहिला असेल तर त्याला आपल्या उन्हाळ्यात थोडी अधिक सवलत द्यावी लागेल.

वरून अडकवायचा पंखा घेऊ नये असे मी सांगेन. आतल्या पंख्याने हवा कोणत्या वाटेने न्यायची हे बनवणाऱ्यांनी ठरवलेले असते. बाहेरचा पंखा चुकीच्या बाजूने बसला तर तो त्याच वाटेत आडवा येतो, आणि हवा गरम असेल तर बरोबर बसूनही फारसे काही साधत नाही. तेवढ्या पैशांत थर्मामीटर येईल.

त्याऐवजी खेळण्याच्या पद्धतीत थोडा फरक करून पाहा. नातू गादीवर पालथा पडून, कन्सोल गोधडीवर टेकवून खेळतो असे आपण लिहिले आहे. त्या स्थितीत मागच्या फटी कापडाने झाकल्या जातात आणि पंखा गोधडीतूनच हवा ओढू पाहतो. धूळ आणि कापसाचे तंतूही त्याच वाटेने आत जातात. स्विचच्या पाठीचा टेकू उघडून तो टेबलावर उभा करता येतो आणि दोन्ही बाजूंचे कंट्रोलर काढून हातात धरता येतात. असे खेळले की फटी मोकळ्या राहतात, हाताची ऊब यंत्राला लागत नाही आणि यंत्राचा चटका हातालाही लागत नाही. हे शेवटचे किरकोळ समजू नका. ४४-४५ अंशांची वस्तू फार वेळ त्वचेला चिकटून राहिली तरी हळूहळू भाजते. जाड सिलिकॉनचे कव्हर उन्हाळ्यापुरते काढून ठेवावे. पडद्याचा उजेड कमी करावा. डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या बैठकीत) घालून टीव्हीवर खेळणे रात्रीसाठी राखावे, कारण यंत्राचा स्वतःचा पडदा ७२० पिक्सेल उंचीचा आहे आणि टीव्हीसाठी ते १०८० पर्यंत चित्र काढते, त्यामुळे चिपला जास्त काम पडते. हलकेफुलके द्विमितीय खेळ दुपारी आणि मोठ्या त्रिमितीय जगात भटकण्याचे खेळ रात्री, अशी वाटणी नातू स्वतःच करू शकेल. कोणता खेळ यंत्राला किती तापवतो हे त्याला आपल्या दोघांपेक्षा चांगले ठाऊक असते.

जूनमधल्या आंधीनंतर घरात धुळीचा थर बसतो, तेव्हा यंत्र बंद करून कोरड्या मऊ ब्रशने फटी आणि जाळी हलक्या हाताने झाडाव्यात. तोंडाने फुंकू नये, ओलावा आत जातो. घरातला व्हॅक्यूम किंवा मोठा ब्लोअर जाळीवर लावू नये. आतला नाजूक पंखा भलत्या वेगाने फिरून बिघडू शकतो.

ज्या वाचकांकडे स्टीम डेकसारखे, संगणकाच्या जातीचे कन्सोल आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. त्याच्या निर्मात्या व्हॉल्व्हनेही जुलै २०२२ मध्ये भोवतालच्या हवेची मर्यादा ० ते ३५ अंश अशीच सांगितली आहे. चिप १०० अंशांना पोचली की ती आपला वेग आवरते आणि १०५ अंशांना यंत्र बंद होते, हेही कंपनीनेच जाहीर केले आहे. त्यामुळे दुपारी खेळ अचानक अडखळू लागला तर तो बिघाड समजू नये. या यंत्रांत एक सोय जास्त असते: चिपने किती वॅट वीज घ्यायची आणि सेकंदाला किती चित्रे काढायची, याला लगाम घालता येतो. स्टीम डेकची कमाल मर्यादा १५ वॅट आहे; ती ८-९ वर आणली आणि चित्रे ६० वरून ४० वर आणली, तर बऱ्याच खेळांत मजा फारशी कमी होत नाही आणि उष्णता मात्र लक्षात येण्याइतकी घटते. विंडोजवर चालणारी यंत्रे नुसती झोपवून (स्लीप करून) पिशवीत टाकली तरी कधी कधी आतल्या आत जागी होतात आणि बंद पिशवीत तापतात. ती पूर्ण बंद करूनच ठेवावीत.

जूनअखेर नातू परत निघेल, तेव्हा कन्सोल उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, डॅशबोर्डवर किंवा डिकीत, दहा मिनिटांसाठीही ठेवू नये. बंद गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. खेळ संपल्या संपल्या तो गुंडाळून बॅगेत कोंबू नये. आणि शाळा सुरू झाल्यावर काही महिने तो कपाटात पडून राहणार असेल, तर बॅटरी निम्मी भरलेली असताना गार जागी ठेवावा. निदान सहा महिन्यांतून एकदा चार्ज करावा, असे निन्टेन्डोचेच सांगणे आहे.